संदर्भराव

संग्रहालयात आलेला माणूस वस्तू बघतो. लहान मुलगा काचेला नाक लावून बघतो, नवं लग्न झालेलं जोडपं एकमेकांकडे बघत बघत बघतं, निवृत्त मास्तर वस्तूची किंमत शोधतात आणि ती लिहिलेली नसते म्हणून चिडतात. पण एखादा माणूस वस्तूकडे पाठ करून तिचं कपाटच न्याहाळत असेल, काच कुणी बसवली, उजेड कुठून पडतो, चौथरा किती उंच, पाटीवर काय लिहिलंय आणि काय लिहायचं टाळलंय, हे पुटपुटत असेल, तर खुशाल समजावं की संदर्भराव आले.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावाची गरजही नाही, कारण संदर्भराव एकटे नाहीत. महाराष्ट्रात जिथे म्हणून एखादी जुनी समई काचेआड ठेवलेली आहे तिथे त्यांची एक आवृत्ती नांदते. आमच्या वाट्याला आलेली आवृत्ती पन्नाशीची, खादीच्या कुर्त्यातली, दोरीला चष्मा बांधलेली. खांद्यावरच्या झोळीत कायम एक जाड पुस्तक, आणि त्यातून रंगीत चिठ्ठ्या इतक्या बाहेर आलेल्या की बिनमहत्त्वाचं पान शोधावं लागेल. कुणी काहीही म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "संदर्भ काय?" कँटीनच्या पोऱ्याने "साहेब, चहा?" विचारलं तरी तेच. पोऱ्या आता सरावलाय. "चार वाजलेत, हा संदर्भ," म्हणतो आणि कप ठेवून जातो.

मी त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, नोंदणी विभाग सांभाळतो. आलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या वहीत येते आणि मग दालनात जाते. वहीचे रकाने ठरलेले: नोंद क्रमांक, नाव, माध्यम, माप, कुणाकडून, स्थिती, शेरा. एवढ्या रकान्यांत मी तलवारीपासून पंचपाळ्यापर्यंत सगळं बसवलेलं आहे. संदर्भरावांचा माझ्यावर राग नाही, पण वहीवर आहे. "दप्तरदार," ते मला म्हणतात, "ही वही म्हणजे सत्ता आहे." असेल बुवा. पण सत्ता असती तर गेल्या पावसाळ्यापासून मागतोय ते लोखंडी कपाट एव्हाना मिळालं नसतं का?

संदर्भराव जन्मतः असे नव्हते. मुंबईत कलेचा इतिहास शिकत होते तेव्हा चारचौघांसारखेच होते. मूर्तीचा मुकुट, कंबरपट्टा आणि कानातलं पाहून चालुक्य, राष्ट्रकूट की यादव ते सांगणारे. मग पुढच्या शिक्षणाला बाहेर गेले आणि तिथे मिशेल फूकोचं १९६६ सालचं ते पुस्तक हाती पडलं, ज्याचं पहिलं प्रकरण अख्खं वेलास्केझच्या 'लास मेनिनास' या एका चित्रावर आहे. चित्र १६५६ सालचं. चित्रकार स्वतःच चित्रात उभा, कॅनव्हासची पाठ आपल्याकडे, आणि राजाराणी दिसतात ती फक्त मागच्या आरशात. मग बघतंय कोण, आणि कुणाला? फूकोने प्रश्न विचारला आणि तो पुढच्या प्रकरणाकडे गेला. संदर्भराव तिथेच राहिले. तेव्हापासून विष्णूची मूर्ती दिसली की ती कुठल्या शतकातली हे त्यांना सुचतच नाही. याचं देऊळ कुठे गेलं, याला इथे कुणी आणलं, आणि आपण याच्यासमोर चपला घालून का उभे आहोत, एवढंच सुचतं.

चपलांवरून आठवलं. कॅरल डंकन नावाच्या अमेरिकी कला-इतिहासकार बाईंनी १९९५ साली एक पुस्तक लिहून मांडलं की संग्रहालय हा एक विधी आहे. देवळासारखे खांब, पायऱ्या, ठरलेली वाट, दबका आवाज, आणि बाहेर पडताना आपण थोडे सुधारलो अशी समजूत. आमच्याकडे एसटीने आलेली खेड्यातली मंडळी दाराशी आपणहून चपला काढतात. काढू नयेत अशी पाटी आहे, तरी काढतात. संदर्भरावांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते व्हरांड्यातून आनंदाने ओरडले, "कॅरल डंकन! कॅरल डंकन!" रखवालदाराने ताबडतोब माइक घेऊन जाहीर केलं की कॅरल डंकन या बाई जिथे कुठे असतील तिथून त्यांनी तिकीट खिडकीपाशी यावं, त्यांची माणसं वाट पाहत आहेत.

या रखवालदाराने संदर्भरावांना बरंच छळलंय, तेही काही न करता. एर्विन पॅनोफ्स्कीने १९३९ च्या पुस्तकात एक साधा दाखला दिला आहे. रस्त्यात ओळखीचा माणूस हॅट उचलतो. आधी दिसते ती नुसती हालचाल, मग कळतं की हा नमस्कार आहे, आणि आणखी खोल गेलं तर त्या नमस्कारातून त्या माणसाचा सगळा काळ आणि समाज वाचता येतो. उमेदवारीला आलेल्या मुलामुलींना हे समजावताना संदर्भराव फाटकाकडे बोट दाखवतात. "बघा, त्याचा हात कपाळाकडे गेला. ही हालचाल. हा सलाम. आणि या एका सलामात पेशवाई, कंपनी सरकार, पोलीस खातं आणि कंत्राटी नोकरी, सगळं आलं." मुलं भराभर उतरवून घेतात. त्यातली एक चौकस मुलगी फाटकाशी जाऊन विचारून आली. डास होता.

पण संदर्भराव एकटे कळत नाहीत. त्यांच्यासोबत शैलीपंत घ्यावे लागतात.

शैलीपंत निवृत्त झाले, पण त्यांनी घरी जायचं मनावर घेतलं नाही. रोज अकराला येतात आणि ग्रंथालयात बसतात. त्यांच्या लाकडी पेट्यांत हजारो स्लाइड्स आहेत, निम्म्यांवर बुरशी. व्योल्फलिन नावाच्या स्विस पंडिताने जी पद्धत रूढ केली त्या पद्धतीने ते जन्मभर शिकवत आले: अंधारी खोली, दोन प्रोजेक्टर, भिंतीवर शेजारी शेजारी दोन चित्रं. दोन गोष्टी शेजारी आल्या की डोळा आपोआप तुलना करायला लागतो. पंत फक्त "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच म्हणत आणि मुलांना गुप्तकाळ कुठे संपतो ते दिसत असे. त्यांचं म्हणणं सरळ आहे. वस्तू कधीची, कुठली, कशाची आणि कुणाच्या हातची, एवढं सांगता आलं पाहिजे. उरलेल्या सगळ्या गप्पा. यावर संदर्भराव म्हणतात, की जन्मदाखला वाचून दाखवला म्हणजे माणसाची ओळख झाली का?

आमच्या अंगणात एक वीरगळ आहे. बसाल्टची शिळा, तीन चौकटी. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेताहेत, वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पंतांनी सांगितलं, "यादवकाळ. गाई वाचवताना पडलेला वीर." संदर्भरावांनी विचारलं, "गाई कुणाच्या? मेला कोण? आणि ज्याच्या गाई होत्या तो कुठल्या चौकटीत आहे?" मला हा प्रश्न चोख वाटला. अजूनही वाटतो. फक्त एक सांगायला हवं, की खालच्या कोपऱ्यातले ते झिजलेले उंचवटे म्हणजे गाई आहेत हे पंतांनीच दाखवलं होतं. त्याआधी संदर्भराव त्या कोपऱ्याला 'हेतुपुरस्सर राखलेलं मौन' म्हणत असत.

याच वीरगळीवर एका श्रावणात मोठं रण माजलं. कुठल्याशा वाडीतून आलेल्या एका आजींनी शिळेला तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि त्या पुढच्या दालनात मोत्याच्या नथी बघायला गेल्या. संदर्भरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे आम्हाला दीदारगंजच्या यक्षीची कथा सांगितली. १९१७ साली पाटण्याजवळ गंगाकाठी ती चकाकणारी मूर्ती सापडली तेव्हा गावकऱ्यांनी तिची आधी पूजा मांडली होती. मग सरकारी मंडळी आली, तिला संग्रहालयात घेऊन गेली, आणि देवीची कलाकृती झाली. "आज आपल्या अंगणात हा प्रवास उलटा झाला! पुसू नका! कुणीही पुसू नका!" जतन प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, तेल दगडात मुरलं की डाग कायमचा, त्यामुळे पुसलं पाहिजे, पण कशाने पुसायचं ते चाचणी घेऊन ठरवू. पंत म्हणाले, मूळ पृष्ठभाग दिसलाच पाहिजे. तिघांचा वाद ग्रंथालयापर्यंत गेला, तिथून संचालकांच्या केबिनमध्ये गेला, तिथे उपसमिती नेमण्याचं ठरलं. खाली आले तर शिळा स्वच्छ. मावशींनी तोवर ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं. प्रयोगशाळेच्या बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

या मावशी म्हणजे आमच्या दालन परिचर. लोक पाट्या वाचत नाहीत, मावशींना विचारतात. त्याचं कारण एका अडकित्त्यावरून कळेल. माझ्या वहीत तो असा आहे: 'अडकित्ता, पितळी, नग १, बिजागरी सैल.' पंतांनी पाटी लिहिली होती: 'अडकित्ता. पितळ, पाते लोखंडी. स्त्री-पुरुष युगुलाच्या आकाराचे दांडे. अंदाजे १९ वे शतक.' संदर्भराव आल्यावर ती पाटी काढून त्यांनी नवी लावली. तिची सुरुवात 'कापणं आणि कवटाळणं यांच्या सीमारेषेवर उभी असलेली ही वस्तू' अशी होती आणि शेवट कुणी पाहिलेला नाही, कारण तो कपाटाच्या मागच्या बाजूला गेला होता. मावशी सांगतात: "हे नवरा-बायको. सुपारी दोघांच्या मध्ये धरायची आणि दाबायची. दोघं जवळ आल्याशिवाय सुपारी फुटत नाही." बायका तोंडाला पदर लावून हसतात, पुरुष इकडेतिकडे बघतात, आणि मग सगळे वाकून अडकित्ता नीट पाहतात. एवढं वाकून पाहायला लावणारी पाटी मी दुसरी ऐकलेली नाही.

अडकित्त्यांचा विषय निघाला की संदर्भराव हळवे होतात आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं नाव घेतात. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे, साधारण १९२० पासून वाड्यावाड्यांतून दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुंकवाचे करंडे, कोरीव दारं गोळा करत होते. त्या काळी कला म्हणजे देव आणि राजे. फणी आणि खिसणी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे ते सगळं सरकारच्या हवाली केलं. "रोजच्या वस्तूंचं राजकारण त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं," संदर्भराव म्हणतात. पंत चष्मा पुसत म्हणतात, "१९२० साली फूको जन्मला नव्हता. म्हणून केळकरांना सवड मिळाली."

दोघांचं एकमत होतं ते फक्त एका माणसावर: आनंद कुमारस्वामी. ग्रंथालयात दोघांच्या टेबलांच्या मधोमध त्यांचा फोटो लावलाय, तेवढीच त्या खोलीतली निःशस्त्र जागा. कुमारस्वामी १९१७ पासून बॉस्टनच्या संग्रहालयात होते. राजपूत चित्रकला ही मुघल चित्रकलेपेक्षा वेगळी आहे हे त्यांनी आधीच मांडलं होतं, म्हणून पंतांचे. आणि आयुष्यभर संग्रहालयात काम करून १९४३ साली त्यांनी जे पुस्तक काढलं त्याच्या नावातच प्रश्न होता की कलावस्तूंचं प्रदर्शन मांडायचं तरी कशाला. या वस्तू वापरासाठी घडल्या, टांगून बघण्यासाठी नाही. म्हणून संदर्भरावांचे. फोटोला हार कुणी घालायचा यावरून दरवर्षी भांडण होतं, पण ते प्रेमातलं.

जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आली की मात्र दोघेही सारखेच निष्प्रभ ठरतात. मुलांचे प्रश्न दोनच असतात. "हे खरंय का?" आणि "केवढ्याला?" पंत पहिल्या प्रश्नाला "खरं" असं उत्तर देऊन मोकळे होतात. संदर्भराव उकिडवे बसतात, मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "खरं म्हणजे तुला काय वाटतं?" तिथून ते वॉल्टर बेंजामिनकडे जातात. यंत्राने कलाकृतीच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या की मूळ वस्तूभोवतीचं ते तेजोवलय विरतं, असं त्याने १९३६ साली मांडलं. मूल तोवर पुढच्या दालनात वाघनखं शोधत असतं, आणि खांद्यावर हात असतो तो रांगेतल्या भलत्याच मुलाच्या.

तरी बेंजामिनवरून संदर्भरावांना सुचलेलं एक काम मला मनापासून आवडलं होतं. रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळांवरून लक्ष्मी-सरस्वती निघाल्या आणि घरोघरच्या भिंतींवर गेल्या. कित्येक घरांत बायकांनी त्या छापील लक्ष्मीला खरी जर लावली, टिकल्या चिकटवल्या, कापडाचं लुगडं नेसवलं. आमच्याकडे अशा काही तसबिरी होत्या आणि पंतांनी त्या 'विद्रूप केलेल्या प्रती' म्हणून भांडारात टाकल्या होत्या. संदर्भरावांनी त्या बाहेर काढल्या. ते म्हणाले, छापखान्यातून बाहेर पडली तेव्हा ही हजारांतली एक होती. कुणा एकीने दुपारभर बसून टिकल्या लावल्यावर अशी दुसरी जगात नाही. मग मूळ कुठली? पंत बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "जर सुरतेची आहे." पंतांच्या तोंडून ही शरणागती समजायची.

एवढं चांगलं सुचणारा माणूस पाटी लिहायला बसला की काय होतं, देव जाणे. पैठणीच्या दालनात उजेड ५० लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, रेशीम आणि रंग उजेडाने मरतात, हा जगभरचा साधा नियम. लोक विचारतात, "लाइट गेली का?" तिथे 'जुन्या रेशमाला उजेड सोसत नाही' एवढं लिहिलं तर भागेल. संदर्भरावांनी लिहिलं: 'हा अंधार आपल्या पाहण्याच्या हक्कालाच प्रश्न विचारतो.' त्याखाली कुणीतरी पेनने लिहून ठेवलं: 'बिल भरा.'

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, आयकॉममध्ये, संग्रहालय म्हणजे काय याची नवी व्याख्या करायचं चाललं होतं तो काळ तर आम्हाला फार जड गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये क्योटोला मसुद्यावर इतकी रणधुमाळी झाली की मतदानच पुढे ढकललं गेलं. नवी व्याख्या मंजूर झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला. मधली तीन वर्षं संदर्भराव कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर मसुदे टाकत होते. बहुस्वरी, लोकशाहीकारी, चिकित्सक. एका जुलैत त्यांनी सकाळी सहाला विचारलं, "मित्रहो, संग्रहालय म्हणजे नेमकं काय?" मावशींनी नाण्यांच्या दालनाचा फोटो टाकला. छत गळत होतं, कपाटांवर निळी ताडपत्री, खाली चार बादल्या. गटावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग संदर्भरावांनी अंगठा दाखवला.

आणि आता ते प्रदर्शन. संदर्भरावांचं आराध्यदैवत म्हणजे फ्रेड विल्सन. या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत एक प्रदर्शन मांडलं. नवीन काही आणलं नाही. त्यांच्याच भांडारातल्या वस्तू बाहेर काढल्या. एका कपाटात उठावकामाची झगमगीत चांदीची भांडी आणि त्यांच्याच मध्ये गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. पाटी एवढीच: धातुकाम, १७९३ ते १८८०. ही गोष्ट संदर्भराव प्रत्येक बैठकीत सांगतात आणि त्या पाटीच्या थोडकेपणाची तारीफ करायला त्यांना पाऊण तास लागतो.

आमच्याकडे एका जुन्या सरदार घराण्याने दिलेली चांदीची झारी आणि तस्त आहे. जेवण झाल्यावर पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची. पंतांच्या मते काम भूजचं, वेलबुट्टी अव्वल. आणि नगरपालिकेचं जुनं गोदाम पाडताना आलेली एक पखालही आहे. वहीत 'पखाल, चामडी, नग १, वाळलेली, तडे गेलेले' एवढीच नोंद. संदर्भरावांच्या डोक्यात एक दिवस या दोन नोंदी भेटल्या. वाड्यात झारी होती, पण झारीत पाणी कुठून येत होतं? त्यांनी प्रदर्शनाचं नाव सुचवलं 'ओलाव्याचं राजकारण'. संचालक म्हणाले, "त्यापेक्षा 'आपला वैभवशाली वारसा' ठेवू. बॅनर मागचाच आहे." ठरल्याप्रमाणे झारी मधल्या कपाटात, पखाल कोपऱ्यातल्या कपाटात, आणि दोघींना जोडणारी संदर्भरावांची भली मोठी पाटी भिंतीवर. देणगीदार घराणं उद्घाटनाला येणार होतं, त्यामुळे अंतर राखावं अशी समितीची सूचना होती.

पाटी छापायला गेली. संदर्भराव रात्री बारापर्यंत छापखानावाल्याला फोन करून दुरुस्त्या सांगत राहिले. एका अर्धविरामावर त्यांचं आणि त्याचं बिनसलं आणि तो शटर ओढून घरी गेला. सकाळी कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप अडकलं. सुताराने थोडी खटपट केली, मग घड्याळ पाहिलं आणि पखाल उचलून मधल्या कपाटात झारीच्या शेजारी ठेवली. "तेवढीच जागा होती," तो नंतर म्हणाला. पाटी नाहीच म्हणून मी माझ्या वहीतून दोन चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. 'झारी व तस्त, चांदी.' 'पखाल, चामडे.'

फीत कापून मंडळी आत आली. देणगीदार घराण्यातल्या थोरल्या बाई त्या कपाटापाशी थांबल्या. सून म्हणाली, "आई, आपल्या वाड्यात पाणी कोण आणायचं?"

"यायचं रेड्यावरून. मागच्या दारी."

"आत कोण आणायचं?"

"तो आत यायचा नाही," बाई म्हणाल्या. मग काही वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, "नाव आठवत नाही गं त्याचं."

मागे उभे असलेले लोक पुढे सरकले. एक म्हातारे गृहस्थ पखालीचं तोंड कुठल्या बाजूला बांधायचे ते नातवाला हाताने करून दाखवायला लागले. मावशींना काही सांगावंच लागलं नाही. दाराजवळ पंत उभे होते. ते पुटपुटले, "डावीकडे. उजवीकडे." मग संदर्भरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "स्लाइड बरोबर लागलीय हो. सुताराने लावली म्हणून काय झालं?"

संदर्भराव मात्र अस्वस्थ होते. पाटीवाचून कळतंय हे त्यांना पटत नव्हतं आणि दिसत तर होतं. दोन दिवस ते कपाटाभोवती फिरले. छापून आलेली पाटी त्यांनी गुंडाळी करून माझ्या खोलीत आणून ठेवली. ती अजून तिथेच आहे, ओल आली तेव्हा वहीखाली अंथरायला उपयोगी पडली. तिसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "दप्तरदार, झारीची नोंद आहे, पखालीची आहे. पण प्रेक्षक जे बघतात ते झारीही नाही आणि पखालही नाही. त्या दोघींमध्ये जे आहे त्याची नोंद हवी. उद्या कपाटं बदलली, मी नसलो, म्हणजे ते गेलं." मी म्हटलं, साहेब, माध्यम काय लिहू? माप? कुणाकडून मिळालं? ते म्हणाले, "शेऱ्यात लिहा." एरवी मी ऐकलं नसतं. पण त्या बाईंचं बोलणं मीही ऐकलं होतं. मी नवीन ओळ घातली: 'संबंध, नग १. स्थान: मधले कपाट.'

मार्चमध्ये वार्षिक पडताळणीची समिती आली. दोन कारकून, एक अधिकारी, हातात लाल पेन. झारी पाहिली, बरोबर. तस्त, बरोबर. पखाल, बरोबर. मग अधिकाऱ्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, "संबंध दाखवा." संदर्भराव धावत आले. त्यांनी मधल्या कपाटाकडे हात केला आणि बोलायला लागले. बाल्टिमोर झालं, बेंजामिन झाला, यक्षी झाली. जेवणाची सुट्टी झाली. अधिकारी सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटात दोनदा वाकून पाहिलं, मागच्या बाजूनेही पाहिलं. मग लाल पेनाने त्या ओळीपुढे लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणीत संबंध आढळून आला नाही. जबाबदारी निश्चित करण्यात यावी.'

संदर्भरावांनी त्या पानाची झेरॉक्स मागून नेली आहे. पुढच्या प्रदर्शनात मधोमध तीच लावणार म्हणतात, तीही पाटीशिवाय. तिला नोंद क्रमांक द्या म्हणून रोज माझ्या मागे लागलेत.